उचललेले अंगठे

“साहेब, तुम्ही पायाकडून घ्या,” निंभोरकर म्हणाले. डोक्याची बाजू ते कुणालाही देत नसत.

आम्ही दोघे मिळून जावईबापूंना कपाटातून बाहेर काढत होतो. जावईबापू म्हणजे आमच्या हृदयविभागातला सरावाचा बाहुला. पूर्ण अंगाचा, रबरी कातडीचा, कायम उघड्या तोंडाचा. हे नाव निंभोरकरांनीच ठेवलेले. याला उचलून आणायचे, गादीवर निजवायचे, याची छाती चेपायची, याच्या तोंडात वारा भरायचा, आणि एवढे करून हा कुणाशी एक शब्द बोलणार नाही. मग हा जावई नाही तर कोण, असा त्यांचा सवाल असे. दर गुरुवारी ते हा सवाल नव्याने विचारत आणि दर गुरुवारी कुणीतरी हसे.

गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. परतवाड्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी तेव्हा वैद्यकीय अधिकारी होतो. एप्रिल संपत आला होता. खिडकीतल्या कूलरला वाळ्याचा वास येत होता आणि रस्त्यापलीकडच्या लाकडाच्या डेपोत आरा सुरू होता. त्या विभागात काम करणाऱ्याला आऱ्याचा आवाज ऐकू येत नाही. तो थांबला की मात्र ऐकू येतो.

गुरुवारी अकरा वाजता सराव असे. एखाद्याचे हृदय अचानक बंद पडले तर कोण कुठे उभे राहील, कोण काय करील, याचा. विभागप्रमुख लढ्ढा सर या बाबतीत कर्मठ होते. छाती दाबायची ती कासदेकर ब्रदरनी. घड्याळ आणि नोंदवही गजभिये सिस्टरांकडे. शॉकचे यंत्र माझ्याकडे. दिलेला प्रत्येक आदेश ऐकणाऱ्याने मोठ्याने परत म्हणायचा, म्हणजे तो हवेत हरवणार नाही. आणि सगळे संपल्यावर सिस्टरांनी नोंद पहिल्यापासून वाचून दाखवायची, मी ‘बरोबर’ म्हणायचे, मग सह्या. ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय नोंद ही नोंद नव्हे, असे सर सांगत.

निंभोरकर विभागातले सर्वांत जुने परिचर. वय चोपन्न. सरावात त्यांना काम नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःच एक शोधून काढले होते. ते दाराशी उभे राहून नातेवाईक होत. “माह्या बापाले वाचवा हो, डाक्टरसाहेब,” असा टाहो फोडत चौकट धरून खाली बसत. इतके हुबेहूब, की बाहेरच्या बाकावरचे खरे नातेवाईक दचकून उठून येत आणि गजभिये सिस्टरांना त्यांची समजूत काढावी लागे.

सरावात प्रत्यक्ष शॉक द्यायचा नाही, हाही सरांचाच नियम, आणि त्याला कारण होते. विभागात यंत्र एकच. मी येण्यापूर्वी कुणीतरी बाहुल्याला खराखुरा शॉक दिला होता आणि त्याच्या छातीवर रुपयाएवढा तपकिरी डाग पडला होता. तेव्हापासून पद्धत ठरली. यंत्राचे दोन्ही पॅडल, म्हणजे मूठ असलेल्या धातूच्या चकत्या, छातीवर टेकवायचे, यंत्र चार्ज करायचे, ‘सगळे दूर’ म्हणून डोक्यापासून पायापर्यंत नजर फिरवायची, आणि बटणे न दाबता ‘शॉक दिला’ असे मोठ्याने म्हणून पॅडल उचलायचे. भरलेली वीज यंत्र थोड्या वेळाने आपली आपण जिरवून टाकते. दोन्ही मुठींवर एकेक लाल बटण असते. दोन्ही एकदम दाबली तरच वीज सुटते. ती चुकूनही दाबली जाऊ नयेत म्हणून सर सांगत, अंगठे उचललेले ठेवा. दोन वर्षांत शंभराच्या आसपास गुरुवारी मी अंगठे उचलून ‘शॉक दिला’ असे म्हटले होते. खऱ्या माणसाला शॉक देण्याची वेळ तोवर माझ्यावर नऊदा आली होती.

त्या गुरुवारी निंभोरकरांनी जावईबापूंना गादीवर नीट निजवले, त्यांच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली आणि ते दाराकडे आपल्या जागी निघाले. चौकटीपाशी पोचल्यावर त्यांनी ती धरली आणि ते खाली बसले.

“भाऊ, अजून सुरू नाही झालं,” कासदेकर हसून म्हणाले.

मीही हसलो. ते हसू माझ्या चेहऱ्यावर किती सेकंद होते, याची कुठेही नोंद नाही. निंभोरकर बसल्या जागी डाव्या कुशीवर कलंडले. त्यांचे कपाळ फरशीवर आपटल्याचा आवाज झाला आणि त्या आवाजात अभिनय नव्हता.

कासदेकर धावले. त्यांनी मानेवर दोन बोटे ठेवली, माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. जावईबापूंना मी हाताला धरून गादीवरून ओढले. ते फरशीवर उताणे पडले. निंभोरकरांना आम्ही त्यांच्या जागी ठेवले. गजभिये सिस्टरांनी नोंदवहीचे पान उलटले आणि घड्याळाकडे पाहिले. अकरा वाजून चार मिनिटे.

त्यानंतरचे सगळे विलक्षण सुरळीत झाले. हे शब्द लिहिताना मला आजही काही वाटत नाही. तेव्हाही वाटले नव्हते. प्रत्येकजण आपल्या जागी होता. कासदेकरांनी सदरा फाडून दाबायला सुरुवात केली. तीस वेळा दाबून थांबत, मी पिशवीने दोनदा श्वास देई, पुन्हा तीस. सिस्टरांनी एका हाताने मॉनिटरच्या तारा लावल्या. पडद्यावर सरळ रेघ नव्हती, थरथर होती. अशा वेळी हृदय थांबलेले नसते, ते अर्थहीन थरथरत असते, पाण्यावर वारा यावा तसे, आणि त्याला एकदा पूर्ण थांबवल्याशिवाय ते पुन्हा ठेका धरत नाही. शॉक त्यासाठी. तो जितका लवकर, तितका माणूस अधिक परत मिळतो. हे वाक्य आम्ही विभागाच्या फळ्यावर लिहून ठेवले होते.

मी पॅडल घेतले. यंत्र चार्ज झाल्याची शिटी वाजली. सगळे दूर, मी म्हणालो. कासदेकरांनी हात काढले. नजर डोक्यापासून पायापर्यंत गेली.

“शॉक दिला.”

“अकरा सहा. शॉक एक,” सिस्टरांनी परत म्हटले आणि लिहिले. कासदेकरांचे हात छातीवर आले. शॉकनंतर मॉनिटरकडे पाहत बसायचे नसते. दोन मिनिटे दाबत राहायचे आणि मगच पाहायचे. आम्ही तसेच केले. त्या दोन मिनिटांत लढ्ढा सर धावत आले आणि काही न बोलता उशाशी उभे राहिले. सिस्टरांनी मनगटात सुई लावली. कासदेकरांच्या कपाळावरचा घाम निंभोरकरांच्या छातीवर ठिबकत होता. मला कोणतीही भीती वाटत नव्हती. शंभर गुरुवारांनी ती काढून घेतली होती.

“दोन मिनिटं,” सिस्टर म्हणाल्या.

पडद्यावर तीच थरथर. मी पुन्हा चार्ज केले. शिटी वाजली. सगळे दूर. नजर डोक्यापासून पायापर्यंत गेली आणि परत येताना माझ्याच हातांवर थांबली.

अंगठे उचललेले होते.

मी ते खाली आणून दाबले. निंभोरकर गादीवरून उसळले. खांदे, छाती, उजवा हात, सगळे एकदम वर आले आणि धप्पकन खाली पडले. हात कडेवरून खाली लोंबला आणि त्याची बोटे फरशीवरच्या जावईबापूंच्या केसांना लागली.

कासदेकरांचे दोन्ही हात हवेतच राहिले. सिस्टरांचा पेन थांबला. फार तर दोन सेकंद. तेवढ्यात आम्हा तिघांना कळले की दोन मिनिटांपूर्वी हा देह असा उसळला नव्हता. बाहुला कधी उसळत नाही. म्हणून पहिल्या वेळी कुणालाच काही चुकल्यासारखे वाटले नव्हते.

“थांबता कशाला? दाबा,” लढ्ढा सर म्हणाले. कासदेकर दाबू लागले.

“अकरा आठ,” सिस्टर म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “शॉक दोन.”

अकरा दहाला नाडी लागली. निंभोरकरांना श्वासाची नळी टाकून आम्ही अमरावतीला पाठवण्याची तयारी केली. रुग्णवाहिका येईपर्यंत सरांनी नेहमीप्रमाणे नोंद वाचायला सांगितली. सिस्टरांनी वही दोन्ही हातांत धरली. यंत्राच्या पोटातून निघालेली कागदाची पट्टी, जिच्यावर यंत्र स्वतःची वेगळी नोंद छापत असते, त्यांनी तोवर घडी करून पदराच्या निरीखाली खोचली होती. ते मी पाहिले होते.

“अकरा चार, कोसळले. अकरा सहा, शॉक एक.” त्या थांबल्या. माझ्याकडे पाहिले नाही. वहीकडेच पाहत राहिल्या.

“पुढे?” सर म्हणाले.

“अकरा आठ, शॉक दोन. अ‍ॅड्रेनलिन एक मिलिग्रॅम. अकरा दहा, नाडी परत.”

“बरोबर?” सरांनी मला विचारले.

कूलरचा पंखा फिरत होता. जावईबापू छताकडे तोंड उघडून पडले होते.

“बरोबर,” मी म्हणालो.

आम्ही सह्या केल्या.

*

निंभोरकर वाचले. अमरावतीला त्यांच्या हृदयाची बंद नळी उघडली, पाचव्या दिवशी त्यांनी डोळे उघडले, विसाव्या दिवशी ते घरी आले. हृदय उत्तम होते. फक्त त्या गुरुवारनंतरचे त्यांच्यात काही टिकत नव्हते. फार जुने सगळे शाबूत. विभाग सुरू झाला त्या दिवशी दाराला कोणता रंग होता तेसुद्धा ते सांगत. कोसळण्याआधीची दोन-तीन वर्षे मात्र पुसली गेली होती, आणि त्यांच्याबरोबर मीही. पण सकाळी जेवले की नाही हे दुपारी सांगता येत नसे. आदल्या दिवशी भेटलेला माणूस दुसऱ्या दिवशी नवा असे.

ही हानी कोसळण्याने झाली की त्या दोन मिनिटांनी, हे जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. हे वाक्य मी स्वतःशी इतक्या वेळा म्हटले आहे की त्यातले शब्द आता मला वेगवेगळे ऐकू येतात.

लढ्ढा सरांनी आमच्या नोंदीची प्रत भिंतीवर लावली. दुसऱ्या गावांतले डॉक्टर प्रशिक्षणाला आले की ते तिच्यापुढे उभे राहून दाखवत: कोसळल्यापासून दोन मिनिटांत पहिला शॉक. तेव्हा मी बहुधा खोलीतच असे. गजभिये सिस्टर नसत. कासदेकर त्या दिवाळीनंतर धारणीला दुसरी नोकरी लागून निघून गेले. निरोपाच्या चहाला त्यांनी सगळ्यांशी हस्तांदोलन केले, माझा हात जरा कमी वेळ धरला.

रुग्णालयाने माणुसकी दाखवली. निंभोरकरांना हलके काम दिले, आणि गुरुवारचा सराव त्यांचाच राहिला, कारण तो त्यांना जुना म्हणून आठवत होता. पत्नी, वच्छलाबाई, त्यांना फाटकापर्यंत सोडून जात. ते वर येत, माझ्यापुढे उभे राहत, उजवा हात सदऱ्याच्या खिशाशी नेत, क्षणभर खाली पाहत आणि हात जोडत.

“साहेब, तुम्ही मले वाचवलं.”

दर गुरुवारी. त्याच शब्दांत, त्याच सुरात. मग कपाट उघडत आणि म्हणत, पायाकडून घ्या.

सात महिने मी ते ऐकले. आठव्या महिन्यात एकदा आम्ही दोघेच होतो. जावईबापू अजून कपाटात होते. मी त्यांना सांगितले. पहिला शॉक मी दिलाच नव्हता, हे सांगितले. अंगठ्यांचे सांगितले.

ते ऐकून घेत होते. मान थोडी कलती, जुन्या सवयीने, वरिष्ठ काही काम सांगत असल्यासारखी.

“काऊन नाही दाबलं?”

“सवय,” मी म्हणालो.

त्यांनी कपाट उघडले आणि जावईबापूंचा सदरा बाजूला करून छातीवरचा तो डाग पाहिला. मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी विचारले, “म्हनजे मी दोन मिनिटं मेलोच होतो काय?” त्या दिवशी सरावात त्यांनी टाहो फोडला नाही. दाराशी नुसते उभे राहिले.

पुढच्या गुरुवारी ते आले, हात खिशाशी गेला, हात जोडले गेले. साहेब, तुम्ही मले वाचवलं.

मी पुन्हा सांगितले.

आता मला ते सगळे गुरुवार वेगळे करता येत नाहीत. एकदा ते संतापले आणि मला खोलीबाहेर जायला सांगितले. एकदा हसले, म्हणाले, साहेब, गंमत करता गरिबाची. एकदा त्यांनी माझे दोन्ही अंगठे हातात घेऊन नीट पाहिले, विकत घ्यायची वस्तू पाहावी तसे. एकदा विचारले की बायकोला माहीत आहे का, आणि मी नाही म्हटल्यावर, नका सांगू तिले, म्हणाले. दर वेळी माझ्या आत काहीतरी सैल होई आणि बुधवारपर्यंत पुन्हा आवळले जाई. त्यांच्यात काही उरत नसे. पुसलेल्या पाटीवर लिहावे आणि ती पुन्हा पुसली जाताना पाहावे, असे ते होते, आणि त्यात मला एक प्रकारची शांतता मिळत होती हे मी नाकारणार नाही.

एकोणिसाव्या वेळी दारात गजभिये सिस्टर उभ्या होत्या. निंभोरकर गॉज आणायला बाहेर गेल्यावर त्या आत आल्या आणि दार लोटून घेतले.

“किती वेळा सांगितलंत यांना?”

मी आकडा सांगितला.

त्यांनी आपल्या रजिस्टरच्या पुठ्ठ्यामागून एक घडी काढली आणि टेबलावर उलगडली. यंत्राची पट्टी. त्यावर वेळा होत्या, थरथर होती, आणि शॉकची खूण एकच होती, अकरा आठपुढे. पण अक्षरे करडी झाली होती.

“हा कागद उष्णतेवर छापला जातो, डॉक्टर. इथल्या उन्हाळ्यात टिकत नाही. आणखी एक उन्हाळा गेला की कोरा होईल.” त्या खाली बसल्या. “मी हा कुणाला दाखवला नाही. तुम्ही बरोबर म्हणालात आणि मी सही केली. म्हणजे खोटं माझंही आहे. पण मी ते रोज विसरणाऱ्या माणसाला सांगत नाही.”

बाहेर आरा थांबला होता.

“वहिनींना सांगा,” सिस्टर म्हणाल्या. “त्या विसरणार नाहीत.”

*

निंभोरकरांचे घर डेपोच्या मागच्या गल्लीत होते. दुपारी तीनला मी पोचलो. वच्छलाबाईंनी दार उघडले, इतक्या उन्हाचे आलात म्हणून हळहळल्या, खुर्ची पुढे केली, माठातले पाणी दिले. निंभोरकर आतल्या खोलीत झोपले होते. त्यांचे घोरणे ऐकू येत होते.

त्या घरात सगळीकडे चिठ्ठ्या होत्या. गॅसवर: चालू केला तर बंद करा. दाराच्या आतल्या बाजूला: चप्पल घाला, एकटे जाऊ नका. आरशावर त्या दिवसाचा वार. शाळेतल्या वळणदार अक्षरात, वहीच्या रेघी कागदावर, भाताच्या शितांनी चिकटवलेल्या. खुंटीला इस्त्री केलेला सदरा टांगला होता आणि त्याच्या खिशातून अशाच कागदाचे टोक दिसत होते.

मी तिकडे पाहतो आहे हे बाईंच्या लक्षात आले. त्या थोड्या लाजल्या.

“गुरवारचा आहे. नाहीतर हे तुमाले ओळखतीन कसे? लिहून द्यावं लागते.” त्यांनी चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली.

पांढऱ्या कोटातले उंच डॉक्टर. यांनी तुम्हाला वाचवलं. हात जोडून सांगा.

कागद घामाने मऊ झाला होता. घडीवर फाटायला आला होता. साडेसात महिने आणि एकोणीस गुरुवार माझे आभार कोण मानत होते, हे मला तेव्हा कळले.

मी सांगितले. उभा राहून सांगितले, कारण बसून ते सांगता येत नव्हते. बाहुल्यापासून सुरुवात केली, बटणांचे सांगितले, सवयीचे सांगितले, नोंदीचे आणि ‘बरोबर’चे सांगितले. पदराचे टोक त्यांच्या बोटांत होते. ते हलायचे थांबले. मी म्हणालो, त्या दोन मिनिटांमुळेच असे झाले हे कुणालाही सांगता येत नाही. मग ते आणखी कशाकशाला जोडून पुन्हा दोनदा म्हणालो.

“कोनाले सांगता येत नाही, हे तुम्ही तिसऱ्यांदा म्हनलं,” वच्छलाबाई म्हणाल्या.

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“दोन मिनिटं म्हनजे किती असतात?”

मला प्रश्न समजला नाही. त्यांनी माझ्या मनगटाकडे बोट दाखवले. मी घड्याळ काढून आमच्यामधल्या स्टुलावर ठेवले.

“सांगा कुठून,” त्या म्हणाल्या.

सेकंदाचा काटा बारावर आला तेव्हा मी “आता” म्हणालो.

त्या काट्याकडे पाहू लागल्या. मीही. आतले घोरणे थांबले, कूस बदलल्याचा आवाज झाला, पुन्हा सुरू झाले. डेपोत एक ओंडका आऱ्याला लागला. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि लाकूड दुभंगल्यावर एकदम सुटला. काटा एकदा फिरून बारावर आला. आता त्या मान वर करतील असे मला वाटले. त्यांनी केली नाही. नळाखालच्या बादलीत थेंब पडत होता. दोन थेंबांच्या मध्ये किती वेळ जातो हे मला प्रथमच दिसले. एक माशी घड्याळाच्या काचेवर बसली, काट्याबरोबर थोडी चालली, उडाली. अजून अर्धे मिनिट होते. हृदय नुसते थरथरत असताना एवढे अर्धे मिनिट काढायचे, आणि त्याआधी तसली तीन. माझे अंगठे मुठींच्या आत होते.

“दोन मिनिटं,” मी म्हणालो. सिस्टर म्हणत, त्याच सुरात. तो सूर माझ्या तोंडून आपोआप आला.

वच्छलाबाईंनी घड्याळ उचलून माझ्याकडे दिले.

“लय असतात,” त्या म्हणाल्या.

काही वेळाने त्यांनी विचारले, यांना माहीत आहे का. मी सांगितले, किती वेळा ते. प्रत्येक वेळी ते विसरले, हेही सांगितले, जणू त्याने काही हलके होणार होते.

त्यांनी आतल्या खोलीच्या पडद्याकडे पाहिले.

“म्हनजे एकोणीस वेळा दुखवलं त्यायले.”

मी घड्याळ मनगटावर चढवू लागलो.

“आता नका सांगू,” त्या म्हणाल्या. “मले माहीत आहे तेवढं पुरे.” मग माझ्या हातातली चिठ्ठी त्यांनी काढून घेतली, पाण्याचा पेला उचलला आणि तो धुवायला मोरीकडे गेल्या. नळ बराच वेळ चालू राहिला. मी दार ओढून घेतले.

त्याच संध्याकाळी सिस्टरांकडून पट्टी घेऊन ती लढ्ढा सरांना दिली. त्यांनी ती दिव्याखाली धरून वाचली, भिंतीवरची प्रत काढली, आणि मूळ नोंदीत माझ्या हाताने दुरुस्ती करून घेतली. सहा महिने मला यंत्रापासून दूर ठेवले. सरावासाठी खोक्यासारखे एक साधन आले, ज्यात शॉक खराच सोडता येतो. अंगठे उचलण्याचा नियम संपला. सरांनी याविषयी माझ्याशी पुन्हा शब्द काढला नाही. आज तो सराव मी घेतो. नवे लोक येतात तेव्हा मी त्यांच्या हातांकडे पाहतो.

पण वच्छलाबाईंना सांगितल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारचे सांगायचे राहिले.

अकराला पाच मिनिटे असताना निंभोरकर वर आले. खिडकीतून मला फाटकापाशी वच्छलाबाई दिसल्या होत्या. त्या वर न पाहता परत वळल्या होत्या. ते माझ्यापुढे उभे राहिले. हात खिशाशी गेला. चिठ्ठी नवी होती, घडी कडक होती, म्हणून त्यांनी ती बाहेर काढून उलगडली आणि ओठ हलवत वाचली. मग माझ्याकडे पाहिले, कोटाकडे, उंचीकडे. चिठ्ठीचा मजकूर मला उलटा दिसत होता.

पांढऱ्या कोटातले उंच डॉक्टर. हे आपल्या ओळखीचे आहेत.

तेवढेच.

“साहेब,” निंभोरकर म्हणाले, “आपली वळख आहे म्हन्ते.”

“आहे,” मी म्हणालो.

त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, खिशात ठेवली, वरून हाताने चापली. कपाट उघडले. जावईबापू तोंड उघडे टाकून आमची वाट पाहत होते.

“पायाकडून घ्या,” ते म्हणाले.